नरवाड्यांचं मास्टर मशीन

"कुणी टाकलं हे? अहो नरवाडे, या संगणकात हे बुद्धिबळ कुणी टाकलं? सकाळी नव्हतं इथं!"

मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या नांदेड गाडीच्या ड्रायव्हरनं घाबरून वेळेआधीच गाडी काढली, आणि सहा प्रवासी चहा पीत मागं राहिले. नरवाडे मात्र खुर्चीवर मांडी घालून बसलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनकडं पाहिलं आणि नव्या जावयाची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "ते व्हय? खेळाच्या सरांचं हाय. आले, म्हनले टाका. म्हनलं जागा हाय ना, मग टाकू की."

"अहो, त्याच्यामुळं साचा निघत नाहीये!"

"निघंल की, सर. तकलीफ काहून करून घेता?"

आखाडा बाळापूरच्या आमच्या कॉलेजात शंकर नरवाडे संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते. यंदाच निवृत्त झाले. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला मोडता घालणं हे त्यांच्या प्रकृतीलाच मानवत नसे. लग्नसराईत एकाच मुहूर्तावरच्या तीन लग्नांत तिन्हीकडं पहिल्या पंगतीला जेवलेला हा एकमेव मनुष्य. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चारही उमेदवारांच्या प्रचारफेरीत ते सगळ्यांत पुढं होते, आणि चौघंही छातीवर हात ठेवून सांगत, "नरवाडे सर आपले." त्यांची दाढी आठवड्यातून चौदा वेळा व्हायची, कारण घरापासून कॉलेजपर्यंत दोन सलून लागत आणि दोन्हीकडून हाक यायची. "कोनाचं मन मोडून काय मिळतंय, सर?" असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असायचा की त्यांच्या डोक्यात कीबोर्ड घालायला उचललेला हात आपोआप खाली यायचा. माझा तर रोज यायचा.

आता मी या संगणकांच्या भानगडीत कसा, ते सांगतो. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण एकदा प्राचार्यांचा अडकलेला प्रिंटर मी नुसती टिचकी मारून चालू केला, आणि त्या पापाचं फळ म्हणून संगणक समितीचा प्रमुख झालो.

त्या वर्षी सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आमच्या कॉलेजला मिळण्याची शक्यता होती. परीक्षा घेणाऱ्यांचा माणूस तपासणीला येणार होता. चाळीस संगणक सगळे एकसारखे, कोरे करकरीत हवेत, ही त्याची अट. जमलं नाही तर केंद्र नांदेडला, आणि नांदेडला म्हणजे आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या पोरी घरीच.

चाळीस संगणक एकेक करून कोण सजवत बसणार? म्हणून गणपतीचे कारागीर करतात तसं करायचं. एक संगणक नीट तयार करायचा, हे आपलं मास्टर मशीन. त्याचा साचा काढायचा आणि बाकीच्या सगळ्यांवर तोच ओतायचा. साचा काढण्याआधी मास्टरला स्वतःचं नावगाव विसरावं लागतं, त्याची एक आज्ञा असते. ती दिली की संगणक निमूट सगळं पुसून तयार होतो. आमचा होत नव्हता. अर्ध्यात थांबायचा आणि 'जमत नाही' एवढंच सांगायचा. का, ते नाही. ते शोधायला एका फोल्डरच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, असं आजेगावच्या विहिरीइतकं खोल उतरावं लागे. तिथं कारण लिहिलेलं असे, की अमुक एक अ‍ॅप एकट्याच्याच खात्यात टाकलेलं आहे, सगळ्यांसाठी नाही. 'ते असेपर्यंत मी काही विसरणार नाही,' असा संगणकाचा हट्ट. आणि संगणक असा खवचट, की एका वेळी एकाच चोराचं नाव सांगे. तो काढावा, पुन्हा आज्ञा द्यावी, पुन्हा 'जमत नाही', पुन्हा विहिरीत उतरावं, तर खाली दुसरा चोर.

चोर संपेनात, कारण भरती चालूच होती. या एका संगणकात टाकलं की आपोआप चाळीसांत जातं, ही बातमी कॉलेजभर पसरली होती. घरच्या कार्याला आहेर आणावा तसे लोक यायचे. ग्रंथपाल बाईंनी शब्दकोश आणला. हेडक्लार्कनी पंचांग. नरवाडे प्रत्येकाला खुर्ची देत, पाणी देत, आणि आहेर ठेवून घेत.

मी इंटरनेटची वायर उपटली. दुपारी पाहतो तर परत जोडलेली! "भूगोलाच्या सरांना हिंगोलीच्या मोंढ्यातला तुरीचा भाव पाहायचा होता, बिचारे," नरवाडे म्हणाले. तेवढ्या वेळात संगणकानं आपल्या मनानं आणखी दोन अ‍ॅपं आणून बसवली होती. मग मी जाड अक्षरांत पाटी लावली, 'हे मास्टर मशीन आहे. यास कोणीही हात लावू नये.' त्याचा परिणाम असा झाला, की मास्टर नेमकं कोणतं हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवशी पाटीखाली रांग होती. माझं डोकं असं तापलं की शेजारच्या स्टॅबिलायझरचा काटा थरथरला.

"नरवाडे, तुम्ही यांना हाकलत का नाही?"

"काय सांगून हाकलू, सर? रोज तोंड पाहायचं हाय एकमेकाचं."

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी जवळच्याच खेड्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मुलगी आमच्याच तिसऱ्या वर्षाची, प्रतीक्षा. फॉर्म भरलेला, वर्षभर अभ्यास केलेला.

"परीक्षा हितंच हाय का, तेवढं सांगा," गृहस्थ म्हणाले. "नांदेडला असंल तर आमी न्हाई धाडत. सकाळच्या पेपरला कवा निघायचं, राहायचं कुठं?"

"बाबा, नांदेड काय लंकेत हाय का?" प्रतीक्षा म्हणाली.

"तू गप. सर, सांगा तुमी."

मी 'अजून ठरायचंय' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात नरवाडे म्हणालेसुद्धा, "हितंच हाय, दादा. बाळ, तू अभ्यास कर."

बापलेक समाधानानं निघून गेले आणि मी भडकलो. "कुणी दिलं केंद्र? तुमच्या आत्यानं? उद्या माणूस येणार, साचा निघालेला नाही, आणि तुम्ही शब्द देऊन मोकळे!"

नरवाड्यांनी चष्मा काढला. कधी नव्हे ते खुर्चीतली मांडी मोडून पाय खाली सोडले.

"शब्द दिला व्हय मी?"

"दिला."

त्यांनी खुर्ची स्क्रीनपुढं ओढली. मग म्हणाले, "म्हंजे आता हे समदं काढावं लागंल."

आम्ही वायर उपटली, दाराला आतून कडी घातली आणि काढायला बसलो. प्रत्येक अ‍ॅप काढताना नरवाडे सासरी निघालेल्या लेकीकडं बघावं तसे बघत.

"हे ग्रंथपाल बाईंचं, सर. लई हौसेनं टाकलं होतं."

"काढा."

"हे हेडक्लार्कचं पंचांग. पोरीचं जमून राहिलंय त्यांच्या. मुहूर्त पाहत होते."

"भिंतीवरचं बघतील. काढा!"

शेवटी एकच राहिलं. संगणक चालू केला की प्राचार्यांचं भाषण आपोआप सुरू करणारं. मी घसा खाकरला. छताकडं पाहिलं. या बाबतीत समितीची बैठक घ्यावी की काय, असा विचार करीत होतो, तोवर नरवाड्यांनी ते काढून टाकलं होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. हेडक्लार्क. "नरवाडे, आहात का आत?"

"आत कोनी न्हाई, सायेब!" नरवाडे खणखणीत आवाजात म्हणाले.

हेडक्लार्क परत गेले. नरवाडे खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

आज्ञा दिली. संगणक थांबला नाही. एवढे दिवस आम्हाला रडवणारा तो हट्टी पोरगा गपगुमान आपलं नावगाव विसरला, साचा निघू लागला, आणि पडद्यावर टक्के चढताना बघून नरवाड्यांनी नकळत माझा हात धरला. शंभरावर गेल्यावरच सोडला. माझ्या मनगटावर वळ उठले होते, ते पुढं महिनाभर मी बायकोला घड्याळाचे म्हणून सांगत होतो.

रात्रभर बसून तो साचा बाकीच्यांवर ओतला. सकाळी तपासणीचा माणूस आला, त्यानं चाळीसही संगणक चालू करून पाहिले. सगळे एकसारखे, नुकतीच हजामत केल्यासारखे स्वच्छ. त्यानं मान डोलावली. केंद्र मिळालं. प्रतीक्षाच्या प्रवेशपत्रावर बाळापूर छापून आलं, ते दाखवायला तिचे वडील पेढे घेऊन आले. नरवाड्यांनी अर्थातच घेतले.

परीक्षा चार दिवसांवर होती. मी सहज प्रयोगशाळेत डोकावलो. ओळीनं चाळीस कोरे पडदे. आणि माझ्या मनात आलं, अख्ख्या कळमनुरी तालुक्याची तरुण पिढी इथं येऊन बसणार, आणि तिच्या नजरेसमोर काहीच नाही? शेवटी ज्ञानाचा प्रसार हेही आपलं कर्तव्यच.

"नरवाडे," मी आवाज मऊ केला, "माझ्या अर्थशास्त्राच्या नोट्स आहेत. एका कोपऱ्यात बसतील. वर माझा फोटो आहे, पण लहानच आहे. साचा तेवढा परत काढू, काय?"

ते फडक्यानं कीबोर्ड पुसत होते. मान वर केली नाही.

"न्हाई."

मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलले. मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"अहो, मी म्हणतोय. समितीचा प्रमुख."

नरवाड्यांनी फडकं झटकलं आणि पुढचा कीबोर्ड घेतला.

"पोरींची परीक्षा होऊ द्या, सर. आन् जाताना दार लोटून घ्या, धूळ येऊन राहिली."