पाठीची रेघ

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. सरकारी कचेरीत मी अनुरेखक होते. इंजिनियरांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि कालवे, रस्ते, गावांच्या शिवा शाईनं त्यावर उतरवायच्या, एवढंच काम. रेघ जराही हलली नाही की साहेब खूश. मग कॉम्प्युटर आले. माझं काचेचं टेबल व्हरांड्यात मोडक्या खुर्च्यांशेजारी गेलं आणि मी बिलं टाइप करायला लागले.

मिस्टर रेल्वेत, म्हणून घर पूर्णेला. नोकरी परभणीला. रोज गाडीनं जायचं, गाडीनं यायचं. संध्याकाळची गाडी वेळेवर आली तर नवल. घरी पोचले की चहाचं पातेलं उतरवायचाही कंटाळा यायचा. मिस्टर म्हणायचे, "रविवारी तरी पडून राहा." पडून राहिले, पण त्यानं शीण काही गेला नाही.

परभणीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी घरीच मोठ्या माणसांना चित्र काढायला शिकवतात, हे कचेरीतल्या एका बाईंनी सांगितलं. मी गेले. शिकणारे आम्ही चौघंच. अंगणात पत्र्याच्या सावलीत बसायचं. पहिल्या दिवशी मी पट्टी, खोडरबर आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली घेऊन बसले. सरांनी खोडरबर उचललं आणि स्वतःच्या खिशात घातलं.

"एक मिनिट देतो," ते म्हणाले. "काकू काय करायल्यात ते काढा. काकू काढू नका."

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या अंगण झाडत होत्या. सरांनी मोबाइलवर वेळ लावली. मी त्यांच्या कानापासून सुरुवात केली. कान झाला, अर्धा अंबाडा झाला आणि मोबाइल वाजला. मान वर केली तर काकू झाडत झाडत दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या.

सर माझ्या कागदाकडं बघून म्हणाले, "ताई, तुमी गिरवायलात. इथं खाली नकाशा न्हाई."

ते मला लागलं. परतीच्या गाडीत वाटलं, पुन्हा जायचं नाही. पण पुढच्या रविवारी गेले.

कधी अर्धं मिनिट, कधी एक, फार झालं तर दोन. आधी मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ ओढायची. सर तिला पाठीची रेघ म्हणत. मग भार कुठल्या पायावर आहे ते बघायचं, मग हात. चेहऱ्याचं तर नावच नाही. कचेरीतले एका बाजूनं छापलेले कागद मी गठ्ठ्यानं नेत असे. प्रत्येक कागदावर तारीख घालायची, अशी सरांची शिस्त होती. काकू रांगोळी काढत, कपडे पिळत, भांडी पालथी घालत आणि आम्ही खसाखसा ओढत बसायचो. मनगट घट्ट धरायची सव्वीस वर्षांची सवय होती. खांद्यातून हात फिरवायला लागले तेव्हा रात्री दंड ठणकायचा.

सहाएक महिन्यांनी माहेरी, राणीसावरगावला गेले. भावाची बैलजोडी गोठ्याबाहेर बांधलेली होती. मी कागद घेऊन त्यातला एक काढायला बसले. बैल काही माझ्यासाठी थांबत नव्हता. शेपटी हलवायचा, मान वळवायचा, पाय बदलायचा.

भाऊ म्हणाला, "दावं आवळून बांधू का?"

"नको," मी म्हणाले. "हलू दे."

बैलानं मान वळवली की मी शेजारी दुसरं चित्र सुरू करायची. थोड्या वेळानं तो फिरून पहिल्यासारखा उभा राहायचा, मग मी पहिल्या चित्रावर परत यायची. जनावर आपल्या सवयीच्या जागी परत येतंच, हे मला तिथं बसून कळलं. भाऊ मागं उभा राहून बघत होता.

"हा डाव्या अंगाला जुंपतो तो हाय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"डोळे न्हाईत, शिंगं अर्धी. पण मागच्या पायावर भार टाकून उभारला हाय बघ. तोच असा उभारतो."

खूप वर्षांनी कुणी माझं काम बघून काहीतरी ओळखलं होतं. ते कागद मी साडीच्या घडीत ठेवून आणले.

पुढच्या रविवारी ते सरांना दाखवले. त्यांनी मान हलवली, त्यांच्याकडून तेवढंच मिळायचं. त्या दिवशी काकू हौदातून बादली भरून पिंपात ओतत होत्या. कुणाचं तरी चित्र राहिलं, म्हणून सर म्हणाले, "परत एकदा उचल." काकूंनी उचलली. "अजून एकदा." पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी भरलेली बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही न्हाई. बसायले मी."

"मग बसलेली काढू," सर आम्हाला म्हणाले आणि त्यांनी वेळ लावली.

आम्ही चौघांनीही पेन्सिली उचलल्या. मीही उचलली. खरं सांगायचं तर त्या सात महिन्यांत ओढलेली माझी सगळ्यात चांगली रेघ तीच होती.

काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाले, दर रविवारी ह्यांची मंडळी येतेत. मी काम करते आन् ते काढून घेऊन जातेत. बादली एकानं पण उचलली न्हाई."

मोबाइल वाजला. कुणी कागद पालटला नाही. सर चपलांकडं बघत बसले. मी उठले, ती बादली उचलून पिंपात ओतली. ती बादली मी कितीदा तरी काढली होती. ती इतकी जड असेल, हे माझ्या एकाही कागदावर नव्हतं.

"आता दाखवा तरी, काय काढता ते," काकू म्हणाल्या.

मी सात महिन्यांच्या चित्रांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एकेक कागद सावकाश बघितला. मग सगळ्यात खालचा आणि वरच्यांतला एक असे दोन कागद काढून पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. एक पहिल्या महिन्यातला, एक अलीकडचा. दोन्हींत त्या अंगणच झाडत होत्या.

"इतकी वाकायले मी?"

मी बघत राहिले. पाठीची रेघ महिन्यामहिन्याला खाली येत गेली होती. ती मीच ओढत आले होते. मला वाटलं होतं, माझा हात मोकळा व्हायलाय.

सरांनी ते दोन कागद घेतले आणि उजेडात जाऊन उभे राहिले. परत आले ते एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टरकडं जाऊ." काकू म्हणाल्या, "बरं."

मणक्याचं हाड झिजून दबलं होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला, वाकायची मनाई केली. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. हे सरांनी मला फोनवर सांगितलं. दोन महिने वर्ग बंद राहिला. तेवढे रविवार मी घरी पडून काढले. पेन्सिल धरवत नव्हती.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा काकू पट्टा बांधून खुर्चीत बसल्या होत्या. मोबाइल त्यांच्या हातात होता आणि सर झाडत होते. सरांना ते जमत नव्हतं. चित्र चांगलं यावं म्हणून खराटा हवेत धरून उभेच राहायचे.

"तसं थांबू नका," काकू म्हणायच्या. "झाडा."

पुढं दिवाळीनंतर सगळे मिळून चारठाण्याला जायचं ठरलं, देवळांवरच्या मूर्ती काढायला. काकू म्हणाल्या, "मीपण येते. पण मला कुणी काढायचं न्हाई." देवळाच्या सावलीत त्यांना खुर्ची दिली. मूर्तींपेक्षा आजूबाजूच्या शेळ्याच आम्ही जास्त काढल्या. दोन चित्रं बरी आली, बाकीची टाकून दिली.

परतीच्या एसटीत काकू माझ्या शेजारी बसल्या. जिंतूर सुटल्यावर त्यांचा डोळा लागला आणि मान कलंडून माझ्या खांद्यावर आली. एसटी रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आदळत होती. मी दुसऱ्या हातानं पुढच्या सीटचा दांडा धरला आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून ताठ बसून राहिले. परभणी येईपर्यंत हाताला मुंग्या आल्या होत्या. मला अजून पूर्णेची गाडी धरायची होती.