माझ्या हातावरचे दोन ठिपके

रेवा, निखिल — हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांच्यापासून एरवी मी काही लपवलं नव्हतं. लिहायला तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी फक्त तुमची नावं लिहून झाली.

आत्ताच का, ते आधी सांगते. रेवा, गेल्या आठवड्यात तू फोनवर नागाची तीन चित्रं पाठवलीस आणि विचारलंस, आजी, यातला कुठला? शनिवारी टॅटू काढून घ्यायचा आहे, म्हणालीस. हातावर दोन ठिपके आणि त्यांच्यापासून दूर निघालेला नाग. ठिपके हुबेहूब माझ्यासारखे हवेत, म्हणून माझ्या हाताचा फोटो मागितलास. ‘ज्या नागाने माझ्या आजीला सोडून दिलं, तो नाग’ — असं तू त्या टॅटू काढणाऱ्या बाईंना सांगितलंही आहेस.

मी फोटो पाठवलेला नाही. तू दोनदा आठवण करून दिलीस.

लहानपणी तुम्ही दोघं ते ठिपके बोटाने दाबून पाहायचात. निखिल विचारायचा, अजून विष आहे का आत? मी म्हणायचे, आहे थोडंसं. किती सहज म्हणायचे.

त्या नागाबद्दलच सांगायचं आहे. पण आधी चंद्री.

चंद्री माझ्या वर्गात होती. खाडीकडच्या गावातली, वडील मिठागरावर. तिथून पेणची शाळा रोज गाठणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या बाईंनी माझ्या वडिलांकडे शब्द टाकला आणि ती आमच्या घरी राहू लागली. माझ्याच खोलीत झोपायची. आईला पाणी भरू लागायची, मी भरू लागत नसे — हेही लिहून ठेवते. मॅट्रिक झाल्यावर ती नर्सच्या शिक्षणाला जाणार होती. तिच्या गावातून तोवर कोणी मुलगी तिथवर गेली नव्हती.

तिच्या आजीच्या दंडावर नाग गोंदलेला होता. बांधावर काम करणाऱ्या बाईच्या अंगावर नाग असला की खरा नाग वाट सोडतो, असं त्यांच्याकडे म्हणत. परगावी जाताना अंगावर घरचं काहीतरी हवं, म्हणून चंद्रीला तसा नाग हवा होता. मला का हवा होता? मला वाटतं, मला पाहायचं होतं. सुई कातडीत किती खोल जाते? रक्त आलं तर गोंदणाची काजळी वाहून कशी जात नाही? मूठ आवळली की अंगावरचा नाग हलतो का?

मी एक वही केली. माझ्या वह्या तुम्हाला माहीत आहेत. वर इंग्रजीत ‘स्नेक्स’ लिहिलं, खाली पट्टीने रेघ मारली. नागपंचमीला आई पाटावर गंधाने काढायची तो नाग, देवळातला पितळी पाच फण्यांचा, शास्त्राच्या पुस्तकातला खवले मोजता येतील असा — एकेका पानावर एकेक. चंद्री सगळ्यांना नापास करायची. शास्त्राच्या पुस्तकातल्याला म्हणाली, “ह्यो मेलेला हाय गो. बरणीतला.”

जत्रेत बॅटरीच्या यंत्रावर गोंदणारा एक जण बसला होता. त्याच्या पाटीवर बदाम, विंचू, नाग, सगळं होतं. चंद्रीने वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, “ता गांडूळ हाय.”

“गांडूळ तर गांडूळ,” तो म्हणाला, “लोकं पैसे देतात.”

शेवटी आमचा नाग सापडला तो गणपतीच्या पोटावर. आमच्या आळीच्या टोकाला मूर्तींचा कारखाना होता. तिथे रंगकाम करणारे तात्या मूर्तीच्या पोटाभोवतीचा नाग एका दमात काढायचे, कुंचला न उचलता. आम्ही दोघी किती दिवस दारात उभ्या राहून तो पाहत होतो. तात्यांनी कारण विचारलं आणि चंद्रीने सरळ सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी मागून एक कागद घेतला आणि पेन्सिलीने नाग काढून दिला — जिवंत, वळण घेऊन निघालेला. फक्त डोळे काढले नाहीत.

“डोळे शेवटी,” ते म्हणाले. “आमच्याकडे डोळे शेवटी असतात. आणि मी शाडूवर काढतो, कातडीवर नाय. कातडी हलते. रोह्याला नदीकाठी एक म्हातारी बसते, तिच्याकडे जा. दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका.”

रविवारी घरी सांगितलं की चंद्रीच्या गावी जातो, आणि रोह्याची एस.टी. पकडली. तेव्हा रोह्याला रेल्वे नव्हती.

म्हातारी पिंपळाखाली गोणपाटावर बसली होती. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, करवंटीत काजळी आणि कसल्यातरी पाल्याचा रस. तिने तात्यांचा कागद उलटासुलटा करून पाहिला. “तोंड कुठं करू? खांद्याकडं का हाताकडं?”

हे माझ्या वहीत नव्हतं.

“हाताकडं,” चंद्री म्हणाली. “भायेर जाऊ दे त्याला.”

मी तात्यांचा निरोप सांगितला, डोळे शेवटी. म्हातारी म्हणाली, “आंधळा नाग वाट कशी काढील गो? डोळं पहिलं.”

चंद्री आधी बसली, कारण मी म्हटलं, तू आधी. तिने नाग दंडावर घेतला, ब्लाउजच्या बाहीखाली झाकला जाईल असा. म्हातारी पुटपुटल्यासारखं काहीतरी गात होती आणि सुया टोचत होती. रक्ताचा ठिपका यायचा, त्यावर काजळी, मग फडक्याने पुसलं की खाली काळं तसंच. मी इतकी वाकले होते की म्हातारीने मला कोपराने मागे सारलं. “सरक गो, उजेड अडवतेस.” शेवटी हळद लावली. चंद्रीने मूठ आवळली. नाग हलला.

मग मी बसले. मला तो कोपराच्या खाली, आतल्या बाजूला हवा होता — लिहिताना दिसेल असा. म्हातारीने एक डोळा टोचला. दुसरा टोचला. आणि मी हात ओढून घेतला.

दुखतंय, म्हणाले. चंद्री हसली. “भित्री.” तेच खरं असतं तर बरं होतं. दुखलं नव्हतं फारसं. मी चंद्रीच्या दंडाकडे पाहत होते. नाग तिथे फार शोभत होता, आणि माझ्या मनात आलं — हे अशाच हातांवर शोभतं. मी कॉलेजात जाणार, माझ्या हाताकडे लोक पाहणार. हे मला आज लिहिताना सुचतंय का? नाही. तेव्हाच, त्या गोणपाटावर बसून सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजला. दोन काळे ठिपके, भोवती लाल. आईने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. “अगं, चावलं का काही?”

मी म्हटलं, हो.

“कुठे?”

“चंद्रीच्या गावी. बांधावर.”

एवढंच. याहून जास्त मी काही बोललेच नाही. बाकीचं सगळं घरानेच रचलं. ठिपके काळे होते म्हणून ते विष ठरलं. मी जिवंत होते म्हणून तो देवाचा नाग ठरला. डॉक्टर म्हणाले, विष भिनलेलं दिसत नाही, नशीब. शेजारपाजारच्या बायका हात पाहायला आल्या. आईने देवळात नारळ दिला. तिने चंद्रीला हळद उगाळायला सांगितली, आणि चंद्रीने ती माझ्या हातावर लावली. तिच्या बाहीखाली आख्खा नाग ठणकत होता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढ्या काळजीने लावत होती.

ती का बोलली नाही? बोलली असती तर रोहा उघडं पडलं असतं, तिचा नागही. की मीच बोलेन म्हणून ती थांबली होती? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो माझ्या उपयोगाचा राहिलेला नाही.

माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना निरोप धाडला. आपल्या पोरीला गवतातून बांधावर नेणाऱ्या मुलीची जबाबदारी आपल्याला नको, असं त्यांनी ठरवलं होतं. चंद्रीचे वडील पायरीशी उभे राहिले, आत आले नाहीत. हात जोडून म्हणाले, “आमच्या बांधावर असा कधी झाला नाय, साहेब. माफी असावी.” न घडलेल्या गोष्टीची माफी. मी दाराआड होते, आठ पावलांवर.

चंद्रीने पत्र्याची पेटी उचलली. “येते गो,” म्हणाली. मॅट्रिकच्या परीक्षेला तिची जागा रिकामी होती.

पुढे एकदाच भेटली. तुमचे बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते, मी त्यांना घेऊन पेणच्या बाजारात गेले होते. ती सुक्या मासळीचे वाटे लावून बसली होती. हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली — नाग हिरवा झाला होता, पण तोंड तसंच, बाहेर. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, “काय गो, चावलेला बरा झाला काय?”

तुमच्या बाबांनी विचारलं, आई, ही कोण?

मी म्हटलं, कोणी नाही. तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

तिचं हसू लगेच गेलं नाही, सावकाश गेलं. मग ती पुढच्या बाईला म्हणाली, “काय देऊ गो तुला?” त्या संध्याकाळी मी तुमच्या बाबांना पहिल्यांदा नागाची गोष्ट सांगितली — बांध, गवत, फणा, सगळं. तुम्हाला ठाऊक आहे ती हीच.

रेवा, कुठला नाग, ते तुझं तू ठरव.

चंद्री आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. म्हातारीने तात्यांचा कागद परत दिला होता, तो ‘स्नेक्स’च्या वहीत अजून आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण नाग ओळखू येतो. त्याला डोळे नाहीत. ते माझ्या डाव्या हातावर आहेत.