खंडेनवमीला हवेत असलेलं विमान

आमच्या घरात दिवसभर माग चालतात, म्हणूनच मला विमान चालवता आलं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात आहे. पुढे राहतं घर, मागे सहा पॉवरलूम आणि त्यांना लागून पूर्वी साड्यांचे गठ्ठे ठेवायची एक अरुंद खोली. माग माझा थोरला भाऊ सांभाळतो. त्याला मी अण्णा म्हणतो. मी शाळेत गणित शिकवतो. गठ्ठ्यांच्या त्या खोलीत मी एक कॉम्प्युटर, मोठा पडदा, विमानाचं सुकाणू आणि इंजिनाचे दांडे मांडले आहेत. बसायला भंगारवाल्याकडून आणलेली मोटारीची सीट आहे. सीटखाली एक थोराड स्पीकर ठेवलाय, कारण इंजिनाचा घुमारा कानांनी ऐकून भागत नाही, तो पाठीच्या कण्यात जाणवावा लागतो. एवढा आवाज दुसऱ्या कुठल्या घरात कुणी चालवून घेतला नसता. आमच्याकडे मागांच्या खडखडाटात तो कुणाच्या लक्षातही आला नाही. मी आत पेपर तपासतो असं आईला वाटायचं. तसं मीच तिला सांगितलं होतं.

याला कुणी गेम म्हटलं की मी अजूनही दुखावतो. यात बंदुका नाहीत, गुण नाहीत. एकशे ऐंशी आसनांचं विमान अंधारात, सगळी बटणं बंद अशा अवस्थेत समोर येतं. आधी बॅटरी, मग शेपटातलं छोटं इंजिन, मग वाटेतला एकेक टप्पा यंत्रात भरणं, माणसं आणि सामान यांचं वजन मांडणं, इंधनाचा हिशेब. चाक हलायच्या आधीच अर्धा तास जातो. पहिल्या काही महिन्यांत मी किती विमानं वडगावच्या शेतांत घातली याची मोजदाद नाही. वेग आणि उंची दोन्ही एकाच वेळी कमी करता येत नाहीत, हे शाळेत मुलांना शिकवणं सोपं आहे. धावपट्टी समोरून अंगावर येत असताना ते हाताला समजायला फार दिवस लागले.

माझ्यासारख्या हौशी लोकांनी इंटरनेटवर एक लुटुपुटीची विमान कंपनी काढली आहे. त्यात हुद्दे आहेत. मी गेल्या वर्षापर्यंत सहवैमानिक होतो आणि मला कॅप्टन व्हायचं होतं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला मनापासून हव्या असलेल्या गोष्टी थोड्याच उरतात, त्यांतली ही एक होती. परीक्षक एक निवृत्त गृहस्थ होते. हेडफोनवर त्यांच्याशी नेहमी इंग्रजीत बोलणं व्हायचं. ते पुण्याचे आहेत एवढंच माहीत होतं. परीक्षा म्हणजे दुबई ते बेंगळुरू, खऱ्या वेळेत, मध्ये कुठेही न थांबवता. विमानाला परवानग्या देणारा कंट्रोलरही तेच होणार. कॉम्प्युटर बंद पडला तर नापास, आणि पुढची पाळी सहा महिन्यांनी.

त्यांनी तारीख सांगितली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मी लगेच हो म्हटलं. सुट्टी कशाची ते मला ठाऊक होतं. तेवढं तरी खरं सांगतो.

खंडेनवमीला विणकरांच्या घरात माग धुऊन पुसून त्यांची पूजा होते. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, धोट्यांवर फुलं, कोहळा फोडायचा. आईचा नियम पिढ्यांचा आहे. आरतीच्या वेळी घरातलं एकही यंत्र चालू असता कामा नये. मिक्सर नाही, पंखा नाही. वर्षभर राबलेल्या यंत्रानं त्या दिवशी विसावा घ्यायचा, आणि आरती झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. आमची पूजा दरवर्षी संध्याकाळी असते. दुपारी एकपर्यंत मी बेंगळुरूला उतरलेला असेन, असा माझा हिशेब होता.

सकाळी नऊ वाजता मी दुबईहून निघालो. अकराच्या सुमारास दारावर बायकोची थाप पडली.

"अहो, पूजा आत्ताच करायची म्हणतायत. विणकरांना लवकर गावी जायचंय. या बाहेर."

विमान अरबी समुद्रावर होतं, ऑटोपायलटवर, पस्तीस हजार फुटांवर. समुद्रावर तासभर तरी करण्यासारखं काही नसतं. मी हेडफोन काढला, पडदा बंद केला, त्यावर टॉवेल टाकला आणि मागांच्या खोलीत जाऊन हात जोडून उभा राहिलो. पडदा बंद म्हणजे यंत्र बंद, असं मी स्वतःलाही समजावलं होतं.

माग सजले होते. जवळच्या कंग्राळी गावाहून येणारे दोघे विणकर नवे शर्ट घालून उभे होते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, भिंतीपाशी खुर्चीवर बसले होते. त्यांना मधुमेह आहे, आणि आरती आता होईल म्हणून त्यांनी जेवणाआधीची गोळी घेऊन टाकली होती. आईनं आरती पेटवली. अण्णानं घंटा उचलली. क्षणभर सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत माझी दोन इंजिनं ऐकू यायला लागली.

इतक्या वर्षांत ती मला स्वतःलाच एवढी स्पष्ट कधी ऐकू आली नव्हती. खोल, एकसारखा घुमारा. फरशीतून तळपायात येत होता. निरांजनाची वात थरथरत होती, निदान मला तसं वाटलं.

आईनं आरती खाली ठेवली. "कुठलं यंत्र चालू हाय रं?"

"मागाची मोटर ऱ्हायली वाटतं," अण्णा म्हणाला, आणि एकेका मोटरीला हात लावत निघाला.

इथं मी जे केलं ते सांगायला मला जड जातं. मीसुद्धा त्याच्याबरोबर शोधायला लागलो. चौथ्या मागाखाली वाकून बघितलं. कान लावला. "हिकडनं येतंय का बघ," असंही म्हटलं.

"मागाची न्हाय, पाण्याची मोटर असंल," एक विणकर म्हणाला.

"फ्रीज असंल," आप्पा म्हणाले.

"फ्रीज कधीचा बंद केलाय," बायको म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला नवरा मागाखाली का वाकलाय ते बरोबर कळतं.

अण्णा कंटाळला. "थांबा, मेनच काढतो. सगळंच बंद हुतंय." तो फळीवरच्या मेन स्विचकडे निघाला.

"अण्णा, नको!" माझा आवाज शाळेतल्यापेक्षा मोठा निघाला. "विमान वर हाय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गठ्ठ्यांच्या खोलीचं दार उघडलं, टॉवेल काढला, पडदा चालू केला. निळं पाणी, ढग, आणि खाली पुढे सरकत असलेले आकडे. काय चाललंय ते मी दोनतीन वाक्यांत सांगितलं. परीक्षा सांगितली. मेन काढलं तर नापास, हेही सांगितलं.

"मग हून दे की नापास," अण्णा म्हणाला. "लहान हायस व्हय तू? हितं माणसं उपाशी उभी हायत, आनि ह्यो खेळतोय!"

त्याचा हात स्विचवरच होता. तेवढ्यात आईनं विचारलं, "त्यात माणसं हायत का रं?"

वजनाच्या तक्त्यात मी सकाळीच एकशे ऐंशी प्रवासी भरले होते. ते आकडे होते, माणसं नव्हती. मला हे शंभर टक्के माहीत होतं. मी म्हटलं, "व्हय. एकशे ऐंशी."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मेनला हात लावू नको," ती अण्णाला म्हणाली. "माणसं हायत आत."

"आई, ते खरं..." अण्णानं सुरुवात केली.

"तुला सांगिटलं न्हवं?"

अण्णानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. पण त्यानं हात काढला.

"कुठली माणसं?" आप्पांनी विचारलं.

"दुबईहून येणारी."

"मग आपल्यातली असतील की. कंग्राळीची लई जणं हायत दुबईला."

"माझा मेव्हणा हाय," एक विणकर म्हणाला, आणि पडद्याच्या जरा जवळ सरकला.

आई माझ्या सीटमागे येऊन उभी राहिली. "किती वेळ लागंल उतरायला?"

"दीड तास. बेंगळुरूला."

"दीड तास? आप्पांनी गोळी घेतलीया." तिनं आप्पांकडे पाहिलं. "मधी कुठं थांबत न्हाय का? आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर थांबव."

"आई, ती एसटी न्हाय."

"नाही कसं?" बायको दारातून म्हणाली. "परवा तुम्हीच मला सांगत होता. आत कुणी आजारी पडलं तर जवळच्या विमानतळावर उतरावंच लागतं म्हणून. दाखवत होता की सगळं."

मला घाम फुटला. आप्पांनाही फुटला होता, आणि त्यांचा खरा होता. ते कपाळ पुसत होते. आरतीआधी खायला ते तयार नव्हते. बायको आत गेली आणि वाटीत पुरणाचा गोळा घेऊन आली. "हे जेवण नव्हे, आप्पा, हे औषध आहे," असं म्हणून तिनं तो त्यांच्या तोंडात घातला. त्यावर आईनंच पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी हेडफोन चढवला. परीक्षकांना इंग्रजीत सांगितलं, की एका वयस्कर प्रवाशाला मधुमेह आहे, साखर उतरल्याची लक्षणं आहेत, बेळगावला उतरायची परवानगी हवी.

मग त्यांनी विचारलं, "प्रवाशाला काही दिलं का?"

"हो. साखर दिली."

"कोणत्या स्वरूपात?"

मी आप्पांकडे पाहिलं. "गोड पदार्थ," मी म्हटलं.

परवानगी मिळाली. मग पुढचा अर्धा तास मी असं विमान चालवलं, की तसं पूर्वी कधी चालवलं नव्हतं आणि नंतरही चालवलेलं नाही. वाट नव्यानं भरायची, उतार मोजायचा, वारा बघायचा, आणि मानेवर सहा जणांचे श्वास. किनारा आला, घाट खाली गेला.

"लई वर हायस," अण्णा म्हणाला. तो आता माझ्या उजव्या खांद्याशी उभा होता. "खाली आन की."

"आणतोय."

"पाय काढले न्हाईस अजून."

"चाकं म्हणतात त्याला. वेळ हाय अजून."

"आपलं शहर आलं का?" आई.

आलं होतं. पश्चिमेकडून उतरताना सांबऱ्याच्या आधी सगळं बेळगाव खालून जातं. पडद्यावर ते थोडं सपाट, पत्त्यांच्या घरांसारखं दिसत होतं. "त्यो खडेबाजार," अण्णा बोट लावून म्हणाला. "आनि ह्ये शहापूर. आपलं पत्र्याचं छप्पर बघ, दिसतंय!" छप्पर आमचं नव्हतं. अण्णा हसत होता.

"आपल्यावरनं चाललंय, तर आवाज कसा येईना?" आप्पांनी विचारलं.

"येतोय की," विणकर म्हणाला. "फरशी हलतीया."

बेंगळुरूपेक्षा आमची धावपट्टी आखूड आहे, आणि वाऱ्यानं विमान सारखं डावीकडे ओढलं जात होतं. मी जरा जोरातच टेकवलं.

"हळू रं!" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "आत म्हातारी माणसं असतील."

विमान जागेवर नेलं, ब्रेक लावला, एकेक इंजिन बंद केलं. पाठीतला घुमारा मावळला. आईनं पुढे येऊन इंजिनाच्या दोन्ही दांड्यांना कुंकू लावलं, सुकाणूवर झेंडूची माळ घातली आणि म्हणाली, "आता ऊठ. हात धू, आनि आरतीला चल."

हेडफोनमधून शुद्ध पुणेरी मराठीत आवाज आला, "जा आधी. आरती चुकवू नका. आम्ही निकाल उद्या कळवतो."

माइक चालूच राहिला होता. मेनपासून धपाट्यापर्यंत सगळं त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यांचा फोन आला. मी क्षमा मागायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं. "आजारी माणूस खरा होता. तो विमानात नव्हता, एवढंच. निर्णय बरोबर, उतरणं बरं. पण उड्डाणाआधी वैमानिकानं त्या दिवसाची परिस्थिती तपासायची असते. तुम्ही स्वतःच्या घरची तपासली नाहीत. नियोजनात नापास."

मी आईला ते सांगितलं. ती खवळली. "एवढी माणसं सुखरूप उतरवलीस, आनि नापास? नंबर दे त्येचा. मी बोलतो."

ती खरंच फोन हातात घेऊन उभी होती. मग मात्र मला राहवेना. "आई, विमान रिकामं होतं. त्यात कुणीच नव्हतं."

ती माझ्याकडे वळली. "मग व्हय कशाला म्हटलास?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं." तिनं फोन खाली ठेवला. "मग त्यानं नापास केलं ते बरोबर केलं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अण्णानं मात्र माग सुरू झाल्याबरोबर सगळ्यांना सांगून टाकलं. अजूनही मी त्या खोलीकडे निघालो की मागांच्या खडखडाटातून कुणीतरी वडापच्या जीपवाल्यासारखं ओरडतं, "मास्तर, आज किती शिटा?"

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. तारीख आईनं कॅलेंडर बघून ठरवली. प्रवाशांच्या रकान्यात मी शून्य भरलं. परीक्षकांनी विचारलं, "रिकामं विमान नेताय?"

"हो," मी म्हटलं. "घरात विचारतात."

रिकामं विमान हलकं असतं. बेंगळुरूला ते धावपट्टीवर तरंगतच राहिलं, टेकायला तयार होईना, आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता. शेवटी टेकलं. मी कॅप्टन झालो. बाहेर येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती शेंगा सोलत होती.

"कुणी हुतं का आत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"न्हाय."

"मग बस, शेंगा सोल."