सगळ्यांची एकच किल्ली

आई एका संघटनेसाठी पत्रकं छापून घ्यायची; मी लहानपणी त्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केला. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव असे. ते राहिलं, तर आई अख्खा गठ्ठा परत पाठवायची. आणि मी, तिची मुलगी, सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत वर्षभर दुसरीच्या नावावर काम पाठवत राहिले.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो; त्याचा कोड दूरच्या सर्व्हरवर असतो. बदल पाठवताना दर वेळी पासवर्ड विचारला जाई. वैताग यायचाच. उपाय साधा होता: प्रत्येकानं स्वतःची एसएसएच किल्ली, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी फाइल, बनवायची, तिला परवलीचं वाक्य लावायचं, ते सकाळी एकदा टाइप करायचं. दिवसभर मशीन ते लक्षात ठेवतं. मी हे मॅनेजरना सांगितलं, आईच्या पत्रकांवरच्या नावांचा दाखला देऊन.

"पत्रकबाई, सात जणांच्या सात किल्ल्या कोण सांभाळणार?" ते हसले. ते पुण्याचे, मीही. त्यांनी टीममधल्या मुंबईच्या सहकारिणीला सामायिक मशीनवर एकच किल्ली बनवायला लावली. तिच्या नावाची, परवलीच्या वाक्याशिवाय. त्यामुळे कुणीही पाठवलेला बदल तिच्याच नावावर नोंदला जाई.

"झाली कटकट बंद!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

मग एका बदलानं एका दवाखान्याच्या दिवसभराच्या अपॉइंटमेंट पुसल्या गेल्या. नोंदीत नाव तिचं. तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, नूतनीकरणाला आला होता आणि कंपनीनं तो अर्ज थांबवला.

"सर, त्या दिवशी मी रजेवर होते," मीटिंगमध्ये ती म्हणाली. "मुलीला ताप होता."

"मग तुझी किल्ली दुसऱ्यांना का वापरू दिलीस?"

तिच्याकडून किल्ली बनवून घेणारा माणूस तिला हे विचारत होता! बाकीचे लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसले होते. भित्रे! समोर पडद्यावर तो बदल होता. तारखा तपासणारी ती चुकीची ओळ मी पाहताक्षणी ओळखली. ती मीच लिहिली होती.

"बदल माझा आहे," मी उभी राहिले. "आणि किल्ली तुमच्या हुकमावरून झाली."

इतका वेळ इंग्रजीत बोलणारे सर मराठीवर आले. "अगं, तुझाही पास आहे ना? बस खाली."

मी बसले नाही. सहकारिणीनं तिथेच सर्व्हरवरून ती किल्ली रद्द केली. मी सगळं लिहून वरच्या साहेबांना पाठवलं, खाली माझं पूर्ण नाव घालून.

तिचा अर्ज पुढे गेला. नंतर माझाही पास नूतनीकरणाला आला; तो अर्ज अजून कंपनीच्या टेबलावर पडून आहे. मॅनेजर मला अजूनही पत्रकबाई म्हणतात, पण आता हसत नाहीत.