आतोबांचा कौल

जगात केवळ प्रश्न विचारण्यासाठी जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान, राहणार उमरोळी. छत्रीचा दांडा लोखंडी बरा की वेताचा, याची चौकशी त्यांनी अख्खा पावसाळा भिजत केली आणि छत्री दिवाळीत घेतली. अशा माणसावर घराची कौलं बदलायची वेळ आली, म्हटल्यावर पालघरपासून बोईसरपर्यंत कुणाची धडगत नव्हती.

घरावर होती गावठी नळ्यांची कौलं. ती दर वैशाखात उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून पुन्हा रचायची. या शाकारणीत वर्षभराची धूळ नि काजळी घरात उतरे आणि आत्याचा दमा उसळे. म्हणून तेवढे दिवस ती पालघरला आमच्याकडे, माहेरी येई. एरवी तिच्या सासूबाई तिला सणालाही सोडत नसत. यायची ती धापा टाकतच. दोन-चार दिवसांनी तिला हसू फुटायचं आणि मग आमच्या घराला हसण्याशिवाय दुसरं कामच नसायचं. पण एका वर्षी दमा फारच बळावला. डॉक्टरांनी बजावलं, ही धूळ आता बंद झाली पाहिजे. त्यावर उपाय एकच, मंगलोरी कौलं. खाचेत खाच बसणारी, एकदा घातली की वर्षानुवर्षं हलवायला नको. पण महाग, शिवाय कौलांखालच्या लाकडी रीपाही नव्या घालाव्या लागणार. एवढा जादा खर्च करावा का?

झालं! आतोबा चौकशीला लागले. भर पावसात कुणाच्याही घरात शिरायचे आणि माजघरात मधोमध तळहात पुढे करून उभे राहायचे, तीर्थ घेतल्यासारखे. सातपाटीला एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे मंगलोरी कौलं होती. वादळात ती उडतात का ते पाहायला तिथे मुक्काम ठोकला. वादळ काही आलं नाही, आतोबा मात्र सुक्या बोंबलांचा वास घेऊन परतले. तारापूरला तेव्हा अणुविजेचं केंद्र उभं राहत होतं. तिथल्या पहारेकऱ्याला हे विचारून आले, “इसके उपर कौल मंगलोरी डालेंगे, की गावठी?” बोईसरला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे आढ्याकडे बघत उभे, आणि शेजारच्याला हळूच विचारतात, हे घर गळतं का हो? शेजारचा निघाला मुलीचा बाप. पंगतीत आतोबांच्या पानावर जिलबी आलीच नाही. गावातले लोक म्हणत, देवसुद्धा लावलेला कौल एका दिवसात देतो, आतोबांचा कौल काही मिळत नाही.

इकडे आत्याचे हाल होत होते. दुसऱ्या वैशाखात ती आली, ती बैलगाडीतून उचलूनच आणावी लागली. माझे वडील तडक उमरोळीला गेले आणि नाही नाही ते बोलले. आतोबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या पावसाच्या आत घरावर मंगलोरी कौलं चढली. फक्त मागची पडवी तेवढी गावठी कौलांचीच राहिली. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, म्हणून लोक हसले. वडील तर त्यांना कवडीचुंबकच म्हणाले.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, “आतोबा, एवढी पडवीच का सोडलीत?”

“मंगलोरी चांगली हायत, ते मला पयल्याच पावसात कळलं होतं रे,” ते म्हणाले. “पण समदंच मंगलोरी झालं, मंग शाकारणी कसली? आणि शाकारणी नाय, तर आईला काय सांगून हिला माहेरी धाडू?”



पुढच्या वैशाखात आत्या स्टेशनपासून चालत आली आणि दारातूनच हसायला लागली. तिला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही, आणि आता विचारायला दोघंही नाहीत. एवढ्याशा पडवीची शाकारणी, खरं तर अर्ध्या दिवसाचं काम. आतोबा ते पंधरा-पंधरा दिवस पुरवायचे. दिवसाला चार कौलं उतरवायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा ठेवायची. झालं का रे, म्हणून खालून त्यांची आई विचारायची. आणि आतोबा वरून सांगायचे, “नाय आई, आजून लय हाय.”