आवाज बराबर लागला पाहिजे

आमच्या दुकानात रोज दोन गोष्टी साठतात, वायरचे तुकडे अन् किस्से. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून तुमच्या गळ्यात मारतो. जालन्यात आम्ही दोघं गाड्यांना साऊंड सिस्टीम बसवतो. गिऱ्हाईक मी सांभाळतो, आवाज शकीलभाई लावतो. त्याला नुसती धडधड चालत न्हाई, साफ आवाज पाहिजे. सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

*

जाफराबादचा एक जीपवाला आल्ता. शकीलभाईनं चारी दारं खोलून आतून जाड शीट चिकटवली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आठ दिवसांनी पठ्ठ्या परत हजर.

"आवाज एक नंबर हाय, पण काढा ते सगळं."

"का रे बाबा?"

"मी आलो हे स्टँडवर कोणाला कळतच न्हाई. प्याशिंजर दुसऱ्याच्या जीपमधी बसून राह्यले."

*

तीर्थपुरीच्या एका शेतकऱ्याची नवी कोरी गाडी. गाणं लागलं की डावं दार खडखडायचं. स्पीकर काढला, परत बसवला, सगळे स्क्रू आवळले. अर्धा दिवस गेला. शेवटी दाराच्या खिशात, पावत्यांच्या खाली, अडकित्ता सापडला. आम्ही हसलो, हा मात्र पांढरा पडला.

"आईचा हाय. बायकोनं हरवला म्हणून आठ दिवस घरात बोलणं बंद हाय."

मंग तो रुमालात गुंडाळत म्हणला, "देव्हाऱ्यामागं सापडला म्हणलं तर पटंल का?"

*

आवाज आम्ही चालवणाऱ्याच्या कानाच्या हिशोबानं लावतो. एका साहेबांना ते लई आवडलं. शेजारी बसलेल्या वहिनी म्हणल्या, "मला तर एकाच बाजूनं ऐकू येतं."

"भाभी, असली मजा ड्रायव्हर सीटलाच," शकीलभाई म्हणला.

दोन महिन्यांनी तीच गाडी दुकानात आली. वहिनी चालवत होत्या अन् साहेब डावीकडं गुमान बसले होते.

*

परतूरकडचे एक मास्तर म्हाताऱ्या आईला घेऊन आल्ते. वडील जयंतीला ढोलकी वाजवत भीमगीतं गायचे. ते वारले. मागं राहिलं ते मोबाईलमधलं एकच गाणं.

"आईला बाबांचा आवाज होता तसा ऐकवायचाय," मास्तर म्हणले. "घरी कशावरबी लावलं तरी ती म्हणते, हे ते न्हाईत."

शकीलभाईनं जीव ओतला. आवाज कानाला टोचत होता तो उतरवला, गाण्यातली ढोलकी वर घेतली, सगळं गोड केलं. आजीनं मान हलवली. "न्हाई." परत लावलं. "न्हाई." मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता. मलाबी लई वाईट वाटलं.

शकीलभाई वैतागला. परत पहिल्यापासून लावू म्हणून त्यानं केलेलं सगळं काढून टाकलं. गाणं चालूच होतं. आता आवाज होता तसा उघडा, कानाला टोचणारा येऊन राह्यला.

आजी सीटवर ताठ झाली. डोळ्याला पदर लावला अन् स्पीकरकडं बघून म्हणली, "अवो, किती डाव सांगितलं तुमाला, गाऊ नका, ढोलकीच वाजवा!"