टेपची कोरी बाजू

मला नसत्या चौकशा फार. सातपाटीच्या उपकेंद्रात आठव्या महिन्याचं पोट मोजून घ्यायला आडवी झाले, तरी तोंड चालूच. सिस्टरनी हाताच्या कडेने गर्भाशयाचा वरचा काठ चाचपला आणि तिथून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत टेप लावली. आकडे मात्र आतल्या बाजूला!

"उलटी धरलीत की," मी म्हटलं.

"मुद्दाम. आकडा दिसला की हात आपोआप हव्या त्या आकड्यावर जातो."

टेप उलटून बघितली आणि त्यांनी माझं कार्ड उघडलं. माझ्या तारखेप्रमाणे बत्तिसावा आठवडा, टेपवर एकोणतीस सेंटिमीटर. दोन्ही आकडे साधारण जुळायला हवेत, हे मीच मागे खोदून खोदून विचारलं होतं. बाळ वाढत नाहीये की काय?

"काय नाय होत," बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या. बाजारात मासळी विकणारी बाई, घाबरणं तिला ठाऊकच नाही असं मला वाटायचं.

सिस्टरनी शेवटच्या पाळीची तारीख पुन्हा विचारली. "मासेमारीची बंदी उठली त्या दिवशी," मी सांगितलं. "नवरा बोटीवर निघाला नि माझी पाळी आली."

"अगं, बंदी उठली तवा आपली बोट कुटं गेली? पुनवेला दर्याला नारळ दिला, मग गेली ना!"

खरंच की! मी सरकारी तारीख धरून बसले होते; पुनव त्यानंतर तीन आठवड्यांनी आली होती.

जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तारीख पक्की करणारी सुरुवातीची सोनोग्राफी राहून गेलेली, म्हणून सिस्टरनी पालघरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड पडद्यावर मोजलं. "बरं दिसतंय. पण इतक्या उशिरा यावरून तारीख पक्की ठरत नाही. दोन आठवड्यांनी उपकेंद्रात पुन्हा मोजून घ्या. मधे किती वाढतं ते महत्त्वाचं."

ते दोन आठवडे मी घरात शिवणाची टेप शोधत फिरले. सासूबाईंनी ती कुठं लपवली, शेवटपर्यंत सांगितलं नाही. "काय नाय होत," एवढंच.

पुन्हा उपकेंद्र. पुन्हा कोरी बाजू वर. या वेळी मी एक अक्षर बोलले नाही. सिस्टरनी टेप उलटली.

"एकतीस. छान वाढतंय."

मी हसून सासूबाईंकडे वळले. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि तोंडाला पदर लावून रडत होत्या.